उजवीकडचा स्पीकर

आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डात मधोमध एक चौकोनी भोक होतं. टेपसाठी ठेवलेली जागा. वरच्या मॉडेलला तिथं टेप येतो, खालच्या मॉडेलला काळं प्लास्टिकचं झाकण येतं. आमच्या गाडीला झाकणही नव्हतं, कारण ती आमच्याकडं येण्याआधी दुसऱ्या एका घरी नांदून आली होती. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या भोकाचं कपाट करून टाकलं होतं. त्यात वजनकाट्याच्या पावत्या, कंगवा, चुन्याची डबी आणि कधीकधी अर्धं लिंबू असायचं. आई म्हणायची, "गाडीनं तोंड उघडं ठेवलंय म्हणून काय बी भरायचं व्हय?"

आमचं गाव मुरगूडच्या जवळ आहे. गावातल्या चार शेतकऱ्यांची भाजी आप्पा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात नेतात. उजाडायच्या आत निघतात आणि दुपारच्या जेवणाला परत येतात. मी कोल्हापुरात हॉस्टेलवर राहून बी.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. घरात माझ्या आधी बारावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही, त्यामुळं मी नेमकं काय शिकतो ते कुणाला तपासता येत नाही. सुट्टीला गेलो की गल्लीतले मिक्सर, मोटारीचे स्टार्टर, बिघडलेले रिमोट माझ्यासाठी जपून ठेवलेले असतात. आम्ही कॉलेजात एका पांढऱ्या पट्टीवर छोटे दिवे लावतो आणि जर्नलात आकृत्या काढतो, हे त्यांना सांगायचं मी पुष्कळदा ठरवलं, पण समोर स्टार्टर आणून ठेवलेला असला की ते सांगवत नाही.

टेपची गोष्ट सुरू झाली ती शेजारच्या तात्यांमुळं. तात्यांची ढबू मिरची आप्पांच्या गाडीतून जाते. एक दिवस ते मालाबरोबर स्वतः कोल्हापूरला गेले आणि परत आल्यावर घरी न जाता थेट आमच्या दारात आले. मी त्या दिवशी घरीच होतो.

"वैनी, राग मानू नका, पण सांगतो," ते आईला म्हणाले. "आप्पा गाडीत डुलक्या घेत्यात."

"कोण, हे?"

"आज कागलच्या पुढं मागनं ट्रक हॉर्न देऊन देऊन दमला. आप्पा निवांत! ट्रक उजव्या अंगानं घुसायला लागला, तर हे डावीकडच्या आरशात बघत बसलेत. मी वरडलो तवा गाडी बाजूला घेतली. झोपंत असल्याबिगर असं हुतंय व्हय?"

आप्पा गाडीतनं रिकामे क्रेट उतरवत होते. ते तिथूनच म्हणाले, "मी टक्क जागा हुतो."

"जाग्या माणसाला हॉर्न ऐकू येत न्हाय?" आईनं विचारलं.

"आला की ऐकू. म्हणून तर आरशात बघत हुतो."

हे उत्तर कुणालाच पटलं नाही. मलाही नाही. पहाटे उठणारा माणूस आहे, वय वाढतंय, डोळा लागला असेल, असंच मी धरून चाललो. आईनं मात्र ते मनाला फार लावून घेतलं. आप्पा निघाले की यार्डातनं त्यांचा फोन येईपर्यंत ती अंथरुणाला पाठ टेकायची नाही. कोल्हापूरचा रस्ता तिनं एसटीतनं पाहिलेला आहे. कागलला हायवेला लागल्यावर केवढ्या केवढ्या गाड्या बाजूनं जातात हे तिला माहीत आहे. ती म्हणायची, एखाद्या दिवशी फोन यायचा नाही, आणि मग काय करायचं?

पंधरवड्यानं तिचा मला हॉस्टेलवर फोन आला.

"गाडीत टेप बसीव. गाणी चालू असली की माणसाला झोप लागत न्हाय."

"आई, दुकानात नेऊन बसवून घेऊ."

"दुकानात कशाला? तुझं शिक्षाणच हाय की ते."

दुधाच्या बिलातनं बाजूला ठेवलेले थोडे पैसे तिनं तात्यांच्या मुलाकरवी पाठवून दिले. तेवढ्यात नवा टेप आला असता किंवा स्पीकर आले असते. दोन्ही आणि वर बसवणावळ, असं जमलं नसतं. म्हणजे बसवायचं मलाच होतं. मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. ते सगळे चकचकीत मोटारींचे होते आणि त्यातल्या एकाही गाडीच्या डॅशबोर्डात लिंबू नव्हतं.

कोल्हापुरात गाड्यांच्या सजावटीच्या दुकानांची एक गल्ली आहे. तिथल्या एका दुकानात मी दबकतच गेलो.

"या पावणं. गाडी कुठली?"

"पिकअप."

"मग काय बोलायलाच नको! बेस बॉक्स, ॲम्प्लिफायर, टच स्क्रीन. नाद खुळा सेट करून देतो. गाडी बिंदू चौकात असली तर रंकाळ्यावर कळलं पायजे, कुणाची आली ती."

"तेवढं नको. वडिलांना झोप येऊ नये, एवढंच बघायचंय."

"झोप? भावा, बेस लावला तर गल्लीत कुणाला येणार न्हाय."

माझं बजेट ऐकल्यावर दुकानदारांचा आवाज थोडा उतरला, पण माणूस चांगला होता. कुणीतरी मोठी स्क्रीन बसवताना काढून ठेवलेला एक साधा टेप त्यांनी मागून आणला, काउंटरवरच्या बॅटरीला जोडून वाजवून दाखवला. त्याला पेन ड्राइव्ह चालत होता. आकडे दाखवणाऱ्या रेघांपैकी एक गेली होती, त्यामुळं आठ आणि सहा सारखेच दिसायचे. दारात बसतील असे दोन छोटे नवे स्पीकर, वायर आणि फ्यूज घेतला.

"बसवणार कोण?"

"मीच."

"कधी बसवलाय का?"

"नाही."

"मग आधी बॅटरीची काळी वायर काढायची. बाकी सगळं चुकलं तरी चालंल."

नवरात्राची सुट्टी लागली तसा मी टेप मांडीवर घेऊन एसटीनं गावी आलो. खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून पुजतात. विळा, कोयता, नांगर, तसंच ट्रॅक्टर आणि पिकअप. त्या दिवशी टेप वाजला पाहिजे असं आईनं ठरवून टाकलं होतं.

गोठ्याच्या सावलीला गाडी लावली आणि काळी वायर काढली. डॅशबोर्डातल्या भोकात हात घालून आतल्या वायरी बाहेर ओढल्या, तर आधीच्या मालकानं काय काय करून ठेवलेलं. हिरवी वायर मध्येच निळी होत होती, आणि जिथं जोड होता तिथं साबणाच्या वेष्टणाचा कागद गुंडाळलेला होता. कुठली बॅटरीकडून येते, कुठली किल्लीकडून, हे मीटर लावून शोधण्यात सकाळ गेली. आप्पा शेजारी उकिडवे बसून सगळं बघत होते. डॉक्टरकडं बैल नेल्यावर बसतात तसे.

"ही पिवळी कुठं जाणार?"

"बॅटरीला. कायम."

"आन तांबडी?"

"किल्लीला. किल्ली फिरवली की टेप चालू, काढली की बंद."

त्यांनी तांबडी वायर बोटांत फिरवून बघितली. मग म्हणाले, "गाडी जळंल काय?"

"न्हाय आप्पा. मधी फ्यूज हाय. काय झालं तर त्यो जळंल."

"त्येनं कशाला जळायचं?"

"गाडी जळू नये म्हणून."

"चांगला हाय की बिचारा," आप्पा म्हणाले आणि फ्यूज हातात घेऊन उजेडाकडं धरून बघितला.

दारांचं काम जास्त अवघड निघालं. आतलं प्लास्टिक काढताना दोन क्लिपा तुटल्या. स्पीकर जागेत बसेनात, त्यांना खाली लाकडी रिंग हवी होती. विकत घ्यायची म्हटली तर पुन्हा कोल्हापूर. आईनं अडगळीतला मोडका पाट आणून दिला आणि मी कानस-करवत घेऊन त्याच्या दोन रिंगा कापल्या. कापताना ती समोर उभी राहिली. "माझ्या म्हायेरचा पाट हाय त्यो. ऱ्हाऊ दे, काप. आता गाडीत बसंल."

संध्याकाळी काळी वायर परत जोडली. आप्पा ड्रायव्हरच्या जागेवर बसले, मी बाहेर उभा राहिलो. किल्ली फिरवली, दिवा लागला आणि गाणं सुरू झालं. आई गोठ्यातनं धावत आली. मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. प्रयोगशाळेत दिवा लागतो तेव्हा सर टिक करतात आणि आम्ही दिवा विझवतो. इथं आमची गाडी गात होती.

आप्पांनी थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "ह्यो उजवा वाजत न्हाय."

मी वाकून उजव्या दाराला कान लावला. "वाजतोय की."

"मला न्हाय ऐकू येत. सगळा आवाज डावीकडनंच येतोय."

नवं जोडकाम होतं, जोड ढिला असेल, हलल्यावर बंद पडत असेल. दुसऱ्या दिवशी मी उजवं दार परत उघडलं. वायर कापून नवी ओढली. आप्पा बसले आणि म्हणाले, तसंच हाय. मग मी दोन्ही स्पीकर काढून डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं बसवला. बिघाड स्पीकरमध्ये असता तर तो आता डावीकडं जायला हवा होता. आप्पा बसले.

"अजून उजवाच. जाऊ दे लेका, एक तर वाजतोय न्हवं? आवाज वाढीव म्हंजे झालं."

मी आवाज वाढवला. मी बाहेरून ऐकायचो तेव्हा दोन्ही वाजायचे, ते आत बसून ऐकायचे तेव्हा एकच. मला वाटलं, मी कुठंतरी दोन वायरी उलट्या जोडल्या असतील, त्यामुळं ड्रायव्हरच्या जागी दोन्ही आवाज एकमेकांना खात असतील. असं होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात वाचलेलं प्रत्यक्षात सापडल्याचा मला थोडा आनंदही झाला. मी वायरी उलटसुलट करून बघितल्या. आप्पांचं उत्तर बदललं नाही.

खंडेनवमीला गाडी धुतली. आईनं बोनेटवर हळदी-कुंकू लावलं, आप्पांनी माळ घातली, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. गल्लीतली माणसं प्रसादाला आली ती टेप ऐकूनच. तात्या पुढं होते.

"लावा की आप्पा. दावा आम्हाला."

आप्पांनी लावला. "पोरानं बसीवलाय. एकच स्पीकर मुका हाय, बाकी झ्याक!"

सगळे हसले. आई म्हणाली, "मुका असला तर असू दे. बाकीच्यांचं तर तोंडच हाय नुसतं."

"वाढवा, वाढवा!" तात्या म्हणाले. "एवढ्या आवाजात तर देव बी झोपंल."

आप्पांनी आवाज एवढा वाढवला की बोनेटवरच्या पाकळ्या थरथरायला लागल्या. माणसं खूश झाली. आमच्याकडं आवाज वाढव म्हणणाऱ्या माणसाला कुणी कमी ऐकू येतं असं म्हणत नाही, हौशी म्हणतात. गणपतीत, लग्नात, यात्रेत सगळीकडं भिंती हादरेपर्यंत आवाज चालतो. त्यात एका माणसाला जरा जास्त लागतो, हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. माझ्याही नाही.

माणसं पांगल्यावर मी डावीकडच्या सीटवर जाऊन बसलो. आप्पा चाकावर हात ठेवून बसलेले. मला अजून तो स्पीकर सोडवत नव्हता. टेपला एक सोय असते, आवाज पूर्ण एका बाजूला ढकलता येतो. मी तो सगळा उजवीकडं ढकलला. माझ्या बाजूचा स्पीकर गप्प झाला. उजव्या दारातनं गाणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"आता?" मी विचारलं.

"आता बारीक झालाय. पण डावीकडनंच येतोय."

मी माझ्या दाराच्या जाळीवर हात ठेवला. ती निर्जीव होती. आप्पांच्या गुडघ्यांवरून वाकून उजव्या दाराच्या जाळीला हात लावला, ती धडधडत होती.

मी आप्पांचा उजवा हात धरून त्या जाळीवर ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला. बराच वेळ ते समोरच्या काचेतून गोठ्याकडं बघत होते. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट डाव्या कानात घातलं, काढलं, परत घातलं.

"बंद कर ते," ते म्हणाले.

मी बंद केलं.

"वाजतोय की त्यो."

"व्हय आप्पा."

"म्हंजे कान गेलाय म्हण की माझा." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "मला वाटायचं, माणसं अलीकडं बारीक बोलाय लागल्यात. फोन उजव्या कानाला लावला की रेंज न्हाय म्हणून मी डाव्या कानाला लावायचो."

मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी विचारलं, "त्या दिवशी ट्रकचा हॉर्न कुठनं आला होता?"

"डावीकडनं."

"तो उजवीकडं होता."

मग आप्पांना एक एक आठवायला लागलं. कणेरीच्या फाट्यावर एक बाई स्कूटीवरून शिव्या देत पुढं गेली होती, ती का चिडली ते त्यांना कळलं नव्हतं. यार्डात मागं घेताना हमाल कुठूनतरी ओरडला, ते भलतीकडंच बघत राहिले, आणि गाडी त्याच्या पायापर्यंत गेली. हे सगळं ते सावकाश सांगत होते. मला भीती वाटली. इतके दिवस आई झोपेला घाबरत होती. ते झोपेत असते तर टेपनं काम झालं असतं.

"तुझ्या आईला सांगू नकोस," ते म्हणाले.

"तिला वाटतंय तुम्ही डुलक्या घेता."

"ते बरं हाय. झोपंला औषध हाय, लवकर निजायचं. कानाचं कळलं तर माल कोण दिल? तात्या दिल? आधीच गावभर सांगून बसलाय." त्यांनी चाकावरून हात फिरवला. "मला दुसरं काय येतंय?"

माझ्या शिक्षणात ह्याचं उत्तर नव्हतं आणि माझं वयही ते सांगायचं नव्हतं. शेवटी मी एवढंच म्हणालो, "आप्पा, पहाटे तुम्ही निघाल्यावर आई जागी असती. आता टेपनं झोपेवर औषध झालं म्हणून ती निवांत झोपंल, आन तुम्ही तसंच रस्त्यावर असाल."

ते उतरून गोठ्यात गेले आणि म्हशीपुढं वैरण टाकत राहिले. म्हशीपुढं आधीच वैरण होती.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर ते आईजवळ चुलीपाशी बसले आणि त्यांनी स्वतःच सांगितलं. आमच्या बोलण्याची रीत अशी आहे की मोठी गोष्ट छोटी करून सांगायची नाही आणि मऊही करायची नाही. "माझा उजवा कान गेलाय. झोपत नव्हतो मी. हॉर्न उजवीकडनं आला तर मला डावीकडनं आल्यागत वाटतंय."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे मी मागनं बोललेलं तुम्हाला ऐकूच येत नव्हतं?"

"न्हाय."

"आन मी म्हणतेय, मुद्दाम ऐकत न्हाय म्हाताऱ्यावानी."

"थोडं मुद्दाम बी न्हाय ऐकलं."

ती हसली आणि हसतानाच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "सोमवारी दवाखान्यात जायचं. गाडी घिऊन न्हाय. एसटीनं."

कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात कानाच्या विभागात खूप गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टरीण तरुण होत्या. त्यांनी कानात उजेड पाडून बघितलं आणि विचारलं, लहानपणी कान वाहायचा का? आप्पा म्हणाले, वाहायचा, आई लसणाचं तेल घालायची. अजून बी खाज आली की मी घालतो. डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. कानाच्या पडद्याला जुनं भोक होतं आणि ते वाढत गेलं होतं. मग त्यांनी दोन शिंगांचा एक पोलादी काटा हातावर आपटला आणि त्याची दांडी आप्पांच्या कपाळाच्या मधोमध टेकवली.

"आवाज कुठल्या बाजूला येतोय?"

आप्पा चमकले. "उजवीकडं! उजवीकडं वाजतंय, बाई!"

ते एवढ्या मोठ्यानं बोलले की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चांगलं आहे. म्हणजे आतला कान जिवंत आहे. पडदा गेलाय, त्यामुळं बाहेरचा आवाज आत पोचत नाही." ऑपरेशन करता येईल, किती ऐकू येईल ते आताच सांगता येणार नाही, आणि आधी कान कोरडा व्हायला पाहिजे. तेल बंद, पाणी बंद. गाडीचं विचारलं तर त्या म्हणाल्या, उजवी काच वर ठेवा, कानात वारा-धूळ नको, मोठा आरसा लावा, पुढच्या लायसन्सच्या तपासणीत हे लपवू नका. "आणि गाडी चालवताना गाणी नकोत. जो एक कान आहे तो रस्त्यासाठी ठेवा."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मीही त्यांच्याकडं. दवाखान्यातून बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तुझं काम पाण्यात गेलं की रं."

तसं झालं नाही, पण ते एवढ्यात कळण्यासारखं नव्हतं. आधी गावात सांगायचं होतं. आप्पांनी तेही सरळ केलं. दुसऱ्या पहाटे गाडी न काढता ते दिवसाउजेडी चारही शेतकऱ्यांच्या दारात गेले आणि सांगितलं की मला उजवीकडचं ऐकू येत नाही, आरसे मोठे लावतोय, सावकाश नेतो, माल द्यायचा का न्हाय ते तुमचं तुम्ही ठरवा. तिघं म्हणाले, नेत जावा. तात्या म्हणाले, "बघू उद्या." दुसऱ्या दिवशी त्यांची ढबू दुसऱ्याच्या टेम्पोतून गेली. त्याच्या पुढच्या दिवशीही. आई फार चिडली. आप्पा म्हणाले, "त्येचा माल हाय. त्येला भ्या वाटलं तर मी काय म्हणू? मला बी वाटतंय." अलीकडं तात्या कधी देतात, कधी देत नाहीत. बोलायला मात्र डाव्या बाजूलाच येऊन उभे राहतात.

हॉस्टेलवर परत जायच्या आधी मी टेपच्या मागची तांबडी वायर काढली. मधे एक रिले घातला, म्हणजे वीज आली की आपोआप पडणारं बटण. किल्ली फिरवली की टेप बंद, किल्ली काढली की चालू. सगळ्या जगाच्या उलट. हे जुळवायला मला दुपार लागली, आणि ह्यावेळी व्हिडिओ बघावा लागला नाही, कारण असा टेप कुणी मागितलेलाच नसावा. आप्पांनी किल्ली चार वेळा फिरवून बघितली. गाडी सुरू झाली की गाणं थांबायचं, गाडी थांबली की ते जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू व्हायचं.

"म्हंजे पोचल्यावरच गाणार ही," ते म्हणाले.

"व्हय."

"बरं हाय."

कान कोरडा होतोय. ऑपरेशनला बोलावतो म्हणालेत, अजून बोलावलेलं नाही. आप्पा रोज निघतात. आई अजूनही जागीच असते, त्यात फरक पडलेला नाही. फरक एवढाच पडलाय की यार्डात गाडी लावून किल्ली काढल्यावर आप्पा फोन लावतात आणि तो टेपजवळ धरतात. मागच्या सुट्टीत मी घरी होतो तेव्हा फोन आला. आईनं हॅलो म्हटलं नाही. थोडं ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडं गाणं चालू होतं, क्रेट आदळत होते, कुणीतरी लांबून ओरडलं, "आप्पा, आवाज वाढवा की!"

"बास हाय तेवढा," आप्पा म्हणाले, आणि मग फोनमध्ये, "ऐकू येतंय न्हवं?"